भारतातील औषधांच्या किमतींवरील नियंत्रण

भारतातील औषधांच्या किमतींवरील नियंत्रण ही केंद्र शासनाची एक वैधानिक व्यवस्था आहे. अत्यावश्यक औषधांची कमाल विक्री किंमत ठरवणे, इतर औषधांच्या वार्षिक दरवाढीवर मर्यादा घालणे आणि जादा घेतलेली रक्कम उत्पादकाकडून वसूल करणे ही तिची मुख्य अंगे होत. तिचा कायदेशीर आधार जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ हा असून त्याखाली वेळोवेळी औषध (किंमत नियंत्रण) आदेश काढले गेले. सध्या २०१३ चा आदेश लागू आहे. त्याची अंमलबजावणी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण (एनपीपीए) करते. हे प्राधिकरण २९ ऑगस्ट १९९७ रोजी स्थापन झाले व ते केंद्रीय रसायने व खते मंत्रालयाच्या औषधनिर्माण विभागाशी संलग्न आहे. औषधाच्या किमतीचा विषय आरोग्य मंत्रालयाकडे नसून उद्योगाची वाढ पाहणाऱ्या मंत्रालयाकडे आहे, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने आरंभीच ध्यानात घ्यावी. पुढील अनेक वादांचे मूळ तेथे सापडते.

भारतात आरोग्यावरील एकूण खर्चापैकी मोठा हिस्सा कुटुंबे उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून करतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार हे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आले. या खर्चात औषधांचा वाटा फार मोठा असतो. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला शासकीय विमा योजनांचा आधार मिळू शकतो, परंतु मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा अपस्मार यांसाठी वर्षानुवर्षे घ्याव्या लागणाऱ्या गोळ्या बहुधा अशा योजनांच्या बाहेरच राहतात. म्हणून औषधाच्या वेष्टनावर छापलेली किंमत हा लक्षावधी घरांच्या महिन्याच्या हिशेबाचा भाग असतो.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात १९११ चा पेटंट कायदा लागू होता. त्यात औषधाच्या उत्पादनावरच पेटंट मिळत असल्याने त्या औषधाची निर्मिती दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने करण्यास इतरांना मनाई होती. बाजारपेठेवर विदेशी कंपन्यांचे वर्चस्व होते आणि बरीचशी औषधे आयात होत. अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर समितीने औषधांच्या किमतींची चौकशी करताना भारताची गणना जगातील सर्वांत महाग औषधांच्या देशांत केली. गरीब देश आणि महाग औषधे यांची ही सांगड भारतीय धोरणकर्त्यांना झोंबली.

त्यावर पहिला उपाय झाला तो स्वदेशी उत्पादनाचा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली व १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीचा हा आरंभकाळ होय. येथील संशोधकांनी हामायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. त्याच्या नावातील पहिली अक्षरे कंपनीच्या नावावरून घेतलेली आहेत. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाच्या सहकार्याने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही दुसरी सार्वजनिक कंपनी निघाली.

दुसरा उपाय पेटंट कायद्याचा होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सादर केलेल्या अहवालाच्या आधारे पेटंट अधिनियम, १९७० संमत झाला व २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. नव्या कायद्यात औषधाच्या उत्पादनावर पेटंट न देता केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेवर देण्यात येऊ लागले. परिणामी तेच औषध निराळ्या प्रक्रियेने बनवण्याचा मार्ग भारतीय कंपन्यांना खुला झाला. आज भारताला स्वस्त औषधांचा पुरवठादार म्हणून जो लौकिक आहे, त्याचा पाया या कायद्याने घातला. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये एचआयव्हीवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दराने, देऊ केला तो याच पायावर.

नियंत्रण आदेशांचा इतिहास

प्रत्यक्ष किंमत नियंत्रणाचा प्रारंभ १९६२ च्या चीन युद्धानंतर झाला. भारत संरक्षण कायद्याखाली काढलेल्या आदेशांन्वये आधी किमती प्रदर्शित करणे बंधनकारक झाले आणि १ एप्रिल १९६३ च्या पातळीवर त्या गोठवण्यात आल्या. १९६६ च्या आदेशाने दरवाढीसाठी पूर्वपरवानगीची अट घातली. जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखालील पहिला व्यापक आदेश १९७० मध्ये निघाला.

१९७४ मध्ये जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७५ मध्ये आपला अहवाल दिला. भारतीय औषध धोरणाच्या इतिहासात या अहवालाइतका वारंवार उल्लेख क्वचितच दुसऱ्या कोणत्या दस्तऐवजाचा होत असेल. समितीने अत्यावश्यक औषधांची यादी दिली, व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकावीत असे सुचवले आणि विदेशी कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणापर्यंतच्या शिफारशी केल्या. यांपैकी फारच थोड्या अमलात आल्या.

१९७९ च्या आदेशात ३४७ मूळ औषधद्रव्ये नियंत्रणाखाली आणली गेली. किंमत ठरवण्याची रीत सरळ होती: कच्चा माल, रूपांतर, वेष्टन साहित्य व वेष्टन यांचा खर्च मोजायचा, त्यावर उत्पादनोत्तर खर्च व नफा यांसाठी ठरावीक टक्केवारी वाढवायची आणि अबकारी कर मिळवायचा. ही टक्केवारी औषधाच्या महत्त्वानुसार ४०, ५५ किंवा १०० अशी ठेवली होती. जीवरक्षक औषधांवर सर्वांत कमी नफा, असा त्यामागील सद्हेतू होता. व्यवहारात मात्र उत्पादकांचे लक्ष कमी नफ्याच्या अत्यावश्यक औषधांवरून उडाले आणि नियंत्रणाबाहेरची टॉनिके, शक्तिवर्धके व अनावश्यक मिश्रणे यांकडे वळले. किंमत बांधली तरी औषध बनवलेच पाहिजे अशी सक्ती कोणावर नव्हती.

त्यानंतर नियंत्रणाची व्याप्ती उतरत गेली. १९८७ च्या आदेशात १४२ औषधद्रव्ये राहिली आणि १९९५ च्या आदेशात ती सुमारे ७५ वर आली. १९९५ ची यादी उलाढाल व बाजारातील मक्तेदारी या निकषांवर केलेली होती. एखादे औषध रुग्णाला किती निकडीचे आहे, हा निकष तीत नव्हता. त्यामुळे क्षयरोग, रक्तक्षय किंवा उच्च रक्तदाब यांवरील अनेक नित्याची औषधे मोकळी राहिली.

सर्वोच्च न्यायालयातील दावा

२००२ च्या औषध धोरणाने नियंत्रण आणखी शिथिल करण्याचे ठरवले, तेव्हा त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. १० मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठवली, परंतु अत्यावश्यक व जीवरक्षक औषधे किंमत नियंत्रणाबाहेर जाणार नाहीत असे निकष आखावेत, असा निर्देश शासनास दिला. त्याच वर्षी ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क, वडोदऱ्याची लोकॉस्ट ही ना-नफा तत्त्वावर औषधे बनवणारी संस्था, छत्तीसगडमधील जन स्वास्थ्य सहयोग आणि इतरांनी जनहित याचिका दाखल केली. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः पुण्याच्या डॉ. अनंत फडके यांनी, विवेकी औषधवापराचा विषय मराठीतून सातत्याने मांडला, डॉ. फडके या देशव्यापी जाळ्याशीही संबंधित होते. याचिकेचा पाठपुरावा दशकभर चालला. अखेरीस डिसेंबर २०१२ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत धोरण आणि १५ मे २०१३ रोजी सध्याचा आदेश आला.

२०१३ चा आदेश

या आदेशाने दोन मूलभूत बदल केले. पहिला बदल स्वागतार्ह होता: नियंत्रण आता राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीशी जोडले गेले. २०११ च्या सूचीत ३४८ औषधे होती, २०१५ च्या सूचीत ३७६ व २०२२ च्या सूचीत ३८४. सूचीतील औषधे ज्या मात्रेत व स्वरूपात नमूद आहेत त्यांना अनुसूचित औषधे म्हणतात.

दुसरा बदल वादग्रस्त ठरला. उत्पादन खर्चाऐवजी बाजारातील प्रचलित किमतींवरून कमाल किंमत ठरू लागली. ज्या ब्रँडचा बाजारातील हिस्सा १ टक्का किंवा अधिक आहे, त्यांच्या विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढायची व तीत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळवायचे. समजा, एका गोळीचे असे तीन ब्रँड आहेत व ते विक्रेत्याला अनुक्रमे ४, ९ आणि १७ रुपयांना पडतात. सरासरी १० रुपये आली. कमाल किंमत ११ रुपये ६० पैसे झाली. वस्तू व सेवा कर त्यावर वेगळा. महाग ब्रँडला खाली यावे लागते. स्वस्त ब्रँडला किंमत वाढवण्याची मुभा नसते. उत्पादन खर्च एक रुपया असला तरी हिशेब बदलत नाही.

या रीतीचे समर्थक म्हणतात की, खर्चाची माहिती कंपन्यांकडून मिळवणे कठीण असते आणि ती तपासण्यात वर्षे जातात. बाजारभाव सर्वांना दिसतो. आक्षेप घेणारे म्हणतात की, औषधाच्या बाजारात निवड करणारा डॉक्टर, पैसे देणारा रुग्ण आणि विकणारा दुकानदार हे तिघे निरनिराळे असतात. भाजीबाजारात महाग भाजी पडून राहते. औषधाच्या बाजारात पुष्कळदा सर्वांत महाग ब्रँडच सर्वाधिक खपतो. अशा किमतींची सरासरी ही रास्त किमतीची खूण कशी मानायची? तमिळनाडूचे वैद्यकीय सेवा महामंडळ निविदा काढून ज्या दराने औषधे घेते, त्याच्या कित्येक पट अधिक कमाल किमती या सूत्राने निघतात, हे आक्षेपकांनी सोदाहरण दाखवले आहे. आक्षेप सबळ आहे. मात्र निविदेचा घाऊक दर व दुकानातील किरकोळ दर यांची तुलना करताना वितरणाचा खर्चही विचारात घ्यावा लागतो.

अनुसूचित औषधांची कमाल किंमत दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलते. निर्देशांक वाढल्यामुळे २०२२ मध्ये ही वाढ १० टक्क्यांहून अधिक झाली होती. सूचीबाहेरील औषधांची किंमत उत्पादक स्वतः ठरवतो. फक्त बारा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही. सूचीतील औषधात दुसरे एखादे द्रव्य मिसळून नवे मिश्रण बाजारात आणले की, ते बहुधा सूचीबाहेर पडते. भारतीय बाजारात निश्चित मात्रेच्या मिश्रणांची जी गर्दी दिसते, तिचे हे एक कारण आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा ३२८ मिश्रणांवर बंदी घातली.

हृदयातील स्टेंट आणि परिच्छेद १९

असाधारण परिस्थितीत लोकहितार्थ कोणत्याही औषधाची किंमत ठरवण्याचा किंवा ती बदलण्याचा अधिकार आदेशातील परिच्छेद १९ ने शासनास दिला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती याच परिच्छेदाखाली बांधल्या गेल्या. २०१९ मध्ये कर्करोगावरील ४२ औषधांवरील व्यापारी नफा ३० टक्क्यांवर रोखण्यात आला.

सर्वांत गाजलेले उदाहरण हृदयाच्या रोहिणीत बसवल्या जाणाऱ्या स्टेंटचे होय. दिल्ली उच्च न्यायालयातील याचिकेनंतर स्टेंटचा समावेश प्रथम अत्यावश्यक सूचीत आणि मग आदेशाच्या अनुसूचीत झाला. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी प्राधिकरणाने साध्या धातूच्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये व औषधयुक्त स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. तोवर त्यांची सरासरी छापील किंमत अनुक्रमे सुमारे ४५ हजार व १ लाख २१ हजार रुपये होती. प्राधिकरणाने उत्पादकापासून रुग्णापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावरील नफ्याचे आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा सर्वांत मोठा वाटा रुग्णालयाच्या टप्प्यावर पडत असल्याचे दिसून आले. काही विदेशी कंपन्यांनी आपले नवीन प्रकारचे स्टेंट भारतीय बाजारातून काढून घेण्याची अनुमती मागितली. स्टेंट स्वस्त झाल्यावर काही रुग्णालयांच्या देयकात शस्त्रक्रियेचे व इतर साहित्याचे दर वाढल्याच्या तक्रारीही झाल्या. या आदेशाची कक्षा औषध व उपकरणापुरतीच असल्याने रुग्णालयाच्या एकूण देयकावर त्याचा अंमल चालत नाही.

पेटंट आणि सक्तीचा परवाना

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधाच्या उत्पादनावर पुन्हा पेटंट मिळू लागले. तथापि संसदेने कायद्यात कलम ३(घ) घालून, जुन्या द्रव्याच्या नव्या रूपाची परिणामकारकता लक्षणीय वाढल्याखेरीज त्याला पेटंट मिळणार नाही, अशी तरतूद केली. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाबाबत मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटला हरकत घेतली होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे नोव्हार्टिस कंपनीचे अपील फेटाळले.

९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील नेक्झावार या औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. बायर कंपनी महिन्याच्या औषधासाठी सुमारे २ लाख ८० हजार रुपये घेत होती. नॅटकोला ते ८,८०० रुपयांना विकण्याची अट घालण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. पेटंट कायद्यातील या तरतुदीचा भारतात झालेला हा गाजलेला, पण एकाकी वापर आहे. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाच्या दुय्यम पेटंटचा अर्ज नाकारला. हरकत घेणाऱ्यांत क्षयरोगातून वाचलेल्या दोन तरुणी होत्या, एक भारतीय व एक दक्षिण आफ्रिकी. जुन्या उपचाराच्या दुष्परिणामांमुळे दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली होती.

जनऔषधी केंद्रे आणि मोफत औषध योजना

नियंत्रणाला पूरक म्हणून शासनाने स्वस्त विक्रीची स्वतंत्र साखळी उभी केली. पहिले जनऔषधी केंद्र नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसर येथे उघडले. पहिली काही वर्षे ही योजना रखडली. २०१५ नंतर तिला गती आली व २०२३ च्या अखेरीस केंद्रांची संख्या १० हजारांवर गेली. येथे औषधे व्यापारी नावाऐवजी मूळ नावाने विकली जातात. ‘जेनेरिक’ या शब्दाबाबत लोकांत बराच गैरसमज आहे. भारतात दुकानांतून विकली जाणारी बहुसंख्य औषधे पेटंटमुक्त, म्हणजे जेनेरिकच असतात. त्यांतील काहींवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत असते, इतकेच.

डॉक्टरांनी मूळ नावाने, वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत औषध लिहावे, असा नियम आहे. २०२३ मध्ये तो अधिक कडक करण्याचा राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा प्रयत्न काही आठवड्यांतच स्थगित झाला. डॉक्टरांचा मुख्य आक्षेप गुणवत्तेविषयी आहे आणि तो केवळ सबब म्हणून बाजूला सारता येत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आयोगाने त्या प्रकरणात खरेदी व तपासणीच्या यंत्रणेतील दोषांवर बोट ठेवले. किमतीच्या बरोबरीने प्रयोगशाळा व निरीक्षक यांवरही खर्च करावा लागतो, हा त्या अहवालाचा धडा होता.

याउलट रुग्णाकडून काहीच न घेण्याचा मार्ग काही राज्यांनी स्वीकारला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू महामंडळाने केंद्रीय खरेदी, प्रत्येक साठ्याची तपासणी व संगणकीकृत वितरण यांचा आदर्श घालून दिला. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून शासकीय रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्रात औषध खरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेली आणि पुढे २०२३ च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यात आले.

स्वस्त औषधांचा तुटवडा

डिसेंबर २०१९ मध्ये प्राधिकरणाने परिच्छेद १९ चा वापर प्रथमच उलट दिशेने केला: २१ औषधप्रकारांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या. २०२१ मध्ये आणखी तीन औषधांच्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ औषधांच्या किमती तशाच वाढल्या. कच्च्या मालाचे दर वाढल्यामुळे उत्पादकांनी ही औषधे बनवणे थांबवण्याची परवानगी मागितली होती. या याद्यांत पेनिसिलीन आहे, दम्यावरील सालब्युटामॉल आहे, मानसिक आजारावरील लिथियम आहे. सगळी जुनी, पेटंटमुक्त, अल्पमोली औषधे.

पेनिसिलीनचा प्रवास येथे उल्लेखनीय आहे. पिंपरीत ज्याने प्रारंभ झाला, ते पेनिसिलीन-जी चीनमधून कमी दराने येऊ लागल्यावर देशातील कारखाने एकामागून एक बंद पडले. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा निकामी होऊ लागलेल्या मुलांना दर तीन ते चार आठवड्यांनी याच औषधाचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मूळ औषधद्रव्यांचे उत्पादन देशात परत आणण्यासाठी केंद्राने २०२० मध्ये उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना जाहीर केली. तिच्याखाली आंध्र प्रदेशातील काकीनाडाजवळ पेनिसिलीन-जीचा कारखाना उभा राहून २०२४ मध्ये सुरू झाला.

अंमलबजावणी व तक्रार

कमाल किमतीपेक्षा अधिक आकारलेली रक्कम व्याजासह वसूल करण्याचा अधिकार प्राधिकरणास आहे. मात्र अशा मागण्यांचा मोठा भाग न्यायालयीन वादांत अडकून पडला आहे. राज्यात तपासणीचे काम अन्न व औषध प्रशासनाकडे असते. प्रत्येक औषध दुकानदाराने किमतींची यादी ग्राहकाला पाहता येईल अशी ठेवली पाहिजे, असे आदेशात नमूद आहे. एखाद्या औषधाची शासनमान्य कमाल किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या मोबाइल अ‍ॅपवर पाहता येते. जादा आकारणी अथवा तुटवडा यांविषयीची तक्रार ग्राहकाला थेट प्राधिकरणाकडे नोंदवता येते. त्यासाठी दुकानाची पावती जपून ठेवणे उपयुक्त ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के आणि काही जीवरक्षक औषधांवरील कर शून्य करण्यात आला.